टाकीची हद्द

मास्तरीणबाईंनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांचे यजमान शिंपी होते आणि सगळी टाकी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची. ते गेल्यावर मशीन बाईंनी पुढे चालवलं आणि मशीनबरोबर नावही त्यांच्याकडे आलं. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता होता, पण तो बावीस वर्षांचा होता. टाकीवरच्या शाळेचा एकेक शर्ट त्यांच्या हातून गेलेला. मुलांची तोंडं त्यांच्या लक्षात राहत नसत, मापं राहत. मिशा फुटलेल्या एखाद्या बाप्याला त्या भर रस्त्यात अडवून विचारायच्या, "तू अठ्ठावीस छातीचा ना रे? एक खांदा उतरता?" आणि तो बिचारा चारचौघांत लाजून "हो बाई" म्हणायचा.

प्रवेशाच्या पहिल्या दिवशी त्या गळ्यात टेप अडकवूनच शाळेत गेल्या. नव्या वर्गाची मापं कधी घ्यायची ते ठरवायचं होतं आणि नातीचं नाव घालायचं होतं. नातीला घरात चिमणी म्हणत, कारण ती झोपेतसुद्धा बडबडायची. गेले तीन महिने चिमणी स्वतःच्या गणवेशाचं कापड उशाशी घेऊन झोपत होती.

खिडकीमागे बसलेल्या कारकुनाची पहिली अर्धी चड्डी बाईंनीच शिवलेली होती. त्याने फॉर्म हातात घेतला, नाव वाचून हसला, आणि खाली नजर गेल्यावर त्याचं हसू विरलं.

"बाई, घरनंबर?"

"तुला माहीत नाही? माझ्या ओट्यावर बसून बटणं मोजायचास."

"तसं नाही, सांगावा लागतो."

"एकतीस."

त्याने एका छापील यादीवरून पेन्सिल वरून खाली नेली, परत वर आणली. "एकतीस म्हणजे विषम. मधल्या गल्लीची खालची बाजू. ती हद्दीत येत नाही हो."

"कसल्या हद्दीत?"

"यंदापासून शाळेत फक्त टाकीतली मुलं घ्यायची, असा आदेश आलाय. टाकीबाहेरच्यांना मोठ्या रस्त्यापलीकडची शाळा."

"मग मी राहते कुठे?"

कारकुनाने पेन्सिलीचं टोक तपासलं. "कागदावर... टाकीबाहेर."

बाई आधी हसल्याच. कारण टाकी, म्हणजे ती चार खांबांवर उभी असलेली सिमेंटची अगडबंब पाण्याची टाकी, त्यांच्या मोरीच्या खिडकीतून हात लांब केला तर लागेल की काय अशी दिसायची. दुपारपर्यंत त्यांच्या घरावर तिची सावली. तिच्या नावावरून अख्ख्या उताराला टाकी म्हणत. वर दुकानांचा रस्ता आणि शाळा, त्याखाली गल्ल्या, गल्ल्यांच्या मधोमध मधली गल्ली, तिच्या खाली टाकी आणि टाकीच्याही खाली नाल्याकाठच्या खोल्यांच्या रांगा. बाहेरच्या जगाला यातला फरक कधी कळलाच नव्हता. टॅक्सीवाला टाकी म्हटलं की काच वर करून निघून जायचा. दोन मैलांवर कुठे सायकल चोरीला गेली तरी पेपरात "टाकी परिसरात चोरी" असं छापून यायचं. कापडाच्या मोठ्या दुकानात पत्ता सांगितला की एक पोऱ्या बाईंच्या मागे मागे फिरायचा, आणि त्या गठ्ठा उलगडायला लागल्या की तो गठ्ठ्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघायचा. इतकी वर्षं त्या याच पत्त्यावरून शिव्या खात आल्या होत्या. आणि आता त्यांच्या हातच्या अर्ध्या चड्डीतला हा पोरगा त्यांना सांगत होता की त्या टाकीवर राहतच नाहीत!

"हेडबाई आहेत का आत?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

हेडबाई खुर्चीवरून उठल्या. खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाई बसल्या नाहीत.

"माझ्या हातात काही नाही," हेडबाई म्हणाल्या. "वर्गात बाक पुरत नाहीत, हे खरं आहे. रहिवासी संघाने अर्ज दिला की आधी टाकीतली मुलं घ्या. वरून विचारणा झाली की टाकी म्हणजे कुठून कुठवर, आणि ही हद्द ठरून आली."

"कुठला रहिवासी संघ?"

"वरच्या टाकीचा."

वरची टाकी! पाच वर्षांपूर्वी हा शब्दही नव्हता. दुकानांच्या रस्त्यावर लिफ्टच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतले लोक टाकी म्हणायला लाजू लागले आणि त्यांनी नावाला 'वरची' हे शेपूट लावलं. मग ते शेपूट गल्लीगल्लीने खाली उतरत आलं.

हेडबाईंनी अर्जाची प्रत पुढे सरकवली. सह्यांची सात पानं होती. बाई एकेक नाव वाचत गेल्या. किराणावाला. दातांचा डॉक्टर. मधल्या गल्लीतले समोरच्या रांगेतले, सम नंबरवाले, जवळजवळ सगळे. आणि पाचव्या पानावर, खालून तिसरी, वाकड्या शेवटच्या अक्षराची एक सही. ती सही बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्यांच्या धाकट्या जावेची होती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला जेमतेम वाचता यायचं. मास्तरीणबाईंनीच तिला कापडावर खडूने अक्षरं काढून सही शिकवली होती. शेवटचं अक्षर तेव्हाही वाकडं यायचं.

दोघी जावांची घरं गल्लीत समोरासमोर. भावाभावांनी ठरवूनच तशी घेतली होती, की एकाने दार उघडलं तर दुसऱ्याला दिसावं. मध्ये दहा पावलांची गल्ली. बाईंनी ती दहा पावलं कशी ओलांडली ते त्यांनाही आठवलं नाही. धाकटी दारात कपडे वाळत घालत होती.

"तू सही केलीस?"

धाकटीच्या हातातला चिमटा खाली पडला. "कसली हो, जाऊबाई?"

"माझ्यासमोर भोळेपणाचं सोंग आणू नकोस. तुझ्या दारापर्यंत टाकी आणि माझ्या दारापासून कोण? भुतं?"

"अहो, हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत की! त्यातल्या निम्म्यांनी सह्या ठोकल्यात. तुझा नातू त्या शाळेत जाणार आणि चिमणी मोठा रस्ता ओलांडून जाणार, ट्रकांमधून. तो आणि ती एका ताटात जेवून वाढलीत गं. सही करताना हात कसा नाही थरथरला तुझा?"

धाकटीने ओला सदरा पोटाशी धरला. तिचा आवाजही चढला. "थरथरला नाही. का थरथरेल? माझ्या पोराला तीन ठिकाणी पत्ता बघून हाकललं. तीन ठिकाणी! पदवी बघितली, सगळं बघितलं आणि पत्त्यावर आल्यावर तोंडं वाकडी. चौथ्या ठिकाणी त्याने वरची टाकी लिहिलं, दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. संघवाले म्हणाले, आपली बाजू वरच्या टाकीत घालतो, सही करा. केली."

"आणि शाळेचं?"

धाकटी पडलेला चिमटा उचलायला वाकली.

"अर्जात शाळेचं लिहिलं होतं. वाचलंस का नाही?"

"वाचलं," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, तुमचं काहीतरी करतील. तुम्ही तर शाळेच्याच."

मास्तरीणबाईंना आणखी बरंच बोलायचं होतं. बत्तीस वर्षांत न बोललेलं सगळं जिभेवर आलं होतं. धाकटीची काढलेली बाळंतपणं, आजारपणं, उसनी दिलेली आयुष्याची वर्षं. पण त्यांनी दात आवळले, पाठ फिरवली, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. दोघी जावांच्या दारांपैकी एक दार भर दिवसा बंद, असं त्या गल्लीने पहिल्यांदा पाहिलं.

शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात सुनावणी होती. नगरपालिकेचे साहेब येणार होते. बाई सूनबाईला घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर होता, महिन्यातून चार दिवस घरी. असल्या कामांत सूनच पुढे. विषम नंबरवाले झाडून सगळे आले होते. मागच्या भिंतीशी नाल्यावरच्या काही बायका उभ्या होत्या. त्यांना खुर्च्या मिळाल्या नव्हत्या आणि त्यांनी मागितल्याही नव्हत्या. त्यांच्यात काजंवाली होती. बाईंच्या शर्टांची काजं बारा वर्षं तीच करत होती.

साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला. त्यावर लाल रेघ मधल्या गल्लीच्या मधोमध चाललेली. बाई उठल्या आणि थेट नकाशापाशी गेल्या. टेपचं टोक रेघेवर ठेवलं आणि खाली एका गोल खुणेपर्यंत ताणलं.

"साहेब, हे गोल काय आहे?"

"पाण्याची टाकी."

"आणि ही तुमची टाकीची हद्द. म्हणजे टाकीच टाकीच्या बाहेर?"

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी शिट्टी मारली. साहेब हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. तरुण होते, थकलेले दिसत होते.

"बाई, ही रेघ मी मारलेली नाही," ते म्हणाले. "तुम्ही लोकांनी मारलीय. मागच्या वर्षी कॉलेजचे विद्यार्थी घरोघर आले होते. आठवतंय? नकाशा देऊन विचारलं होतं की तुमच्या मते टाकी कुठे सुरू होते, कुठे संपते. दोनशे बारा कागद आले. सगळे इथे आहेत."

त्यांनी टेबलावर गठ्ठा ठेवला.

"दुकानांच्या रस्त्यावरच्यांनी टाकी रस्त्याखाली पहिल्या गल्लीपाशी संपवली. पहिल्या गल्लीने दुसरीपाशी. प्रत्येकाने रेघ मारलीय ती स्वतःच्या घराच्या जरा खाली. एकानेही स्वतःला बाहेर ठेवलेलं नाही आणि शेजाऱ्याच्या पलीकडे फारसं कोणी गेलेलं नाही. आम्ही सगळ्याचा मध्य काढला. मध्य आला मधल्या गल्लीत. त्यात अर्ज आला, तोही जुळला."

"आमच्या बाजूच्या एकाने तरी असं लिहून दिलं असेल का?" बाई कडाडल्या. "दाखवा!"

"बघा ना," साहेब म्हणाले आणि गठ्ठा त्यांच्याकडे ढकलला.

बाईंनी कागद भराभर उलटायला सुरुवात केली. कागदांवर नावं नव्हती, फक्त निळ्या पेनाच्या रेघा. काही थरथरत्या, काही खोडून पुन्हा मारलेल्या. आणि मग एका कागदावर त्यांचा हात थांबला. त्यावरची रेघ इतर रेघांसारखी नव्हती. एका झटक्यात, पेन न उचलता काढलेली, बाहीच्या मुंढ्याला देतात तसा गोल घेत टाकीच्या खालून वळलेली. तो गोलावा साऱ्या शहरात एकाच हाताचा होता.

त्यांना तो दिवस आठवला. दोन पोरी आल्या होत्या, गोड बोलल्या होत्या. "तुम्ही इथल्या जुन्या, तुम्हीच सांगा," म्हणाल्या होत्या. आदल्याच आठवड्यात कापडाच्या दुकानात त्यांची पिशवी उलटी करून बघितली होती. तिथून त्या दातओठ खात घरी आल्या होत्या, आणि रस्ताभर मनात एकच चाललं होतं, की चोऱ्यामाऱ्या करतात ते खालचे, नाल्यावरचे, आणि नाव आमचं जातं. पेन हातात आलं तेव्हा त्यांनी टाकी आत घेतली, स्वतःचं घर आत घेतलं, आणि नाल्याच्या सगळ्या खोल्या साफ कापून टाकल्या. जादा कापड कापतात तशा.

"सापडलं काही?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी कागद गठ्ठ्यात परत ठेवला. सभागृह वाट बघत होतं. मागच्या भिंतीशी काजंवाली टाचा उंचावून त्यांच्याकडे बघत होती, मोठ्या विश्वासाने. बाईंनी तिची नजर चुकवली. त्या जागेवर जाऊन बसल्या. सूनबाईने विचारलं, "आई, काय झालं?" त्यांनी टेप बोटांभोवती गुंडाळला. साहेबांनी महिनाभरात हरकती लेखी द्यायला सांगितल्या आणि सभा उठली.

सोमवारी काजंवाली नेहमीसारखी पिशवी घेऊन आली. ओट्यावर बसली, सुईत दोरा ओवला. तिची धाकटी पोर चिमणीएवढीच. त्या दोघी आत खडूने फरशीवर काहीतरी गिरगटत होत्या.

"परवा एकदम गप्प का झालात?" काजंवालीने विचारलं. "मी म्हटलं आता बाई फाडून खातात साहेबाला."

मास्तरीणबाईंनी मशीन थांबवलं. राग आला की त्यांना बोलता यायचं. शरमेची सवय नव्हती. "त्या कागदांत माझा पण होता," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला बाहेर ठेवलं होतं. नाल्याच्या सगळ्या खोल्या."

काजंवालीने टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला.

"कागदाचं माहीत नव्हतं," ती म्हणाली. "बाकी माहीत होतं."

"बाकी काय?"

"बारा वर्षं येते मी. तुमच्या घरात मला चहा मागावा लागला नाही, खोटं कशाला बोलू. पण कोणी आलं-गेलं, विचारलं की ही कोण, तर तुम्ही सांगता, ती नाल्यावरची. टाकीवरची म्हणून एकदाही सांगितलं नाहीत. मीही टाकीचंच पाणी पिते, मास्तरीणबाई. तुमच्यानंतर येतं आणि बारीक येतं, पण तेच येतं."

बाईंना वाटलं, तिने ओरडावं. ती ओरडत नव्हती. पुढचं काज मांडीवर घेऊन बसली होती.

"तू कुठे मारलीस रेघ?" बाईंनी विचारलं.

"आम्हाला कुठे कागद दिला? ती पोरं टाकीच्या पंपापर्यंत आली, नाकाला रुमाल लावला आणि माघारी गेली. मी धुणं धूत होते, बघितलं की."

बाई ताडकन उठल्या. दोनशे बारा! साहेब इतक्या रुबाबात आकडा सांगत होता आणि त्यात नाल्यावरचा एकही नव्हता. राग परत आला तेव्हा त्यांना बरंच वाटलं, कारण आता तो कुठे न्यायचा ते त्यांना कळलं होतं. निम्मा त्यांच्यापाशीच राहणार होता, हेही कळलं होतं.

"पिशवी ठेव," त्या म्हणाल्या. "चल."

कचेरीत साहेब डबा उघडत होते. बाईंनी डबा झाकायला लावला.

"माझा कागद मला परत द्या. मला रेघ बदलायचीय."

"बाई, सर्वेक्षण संपलं. दिलेलं उत्तर बदलता येत नाही."

"माझ्या हातून चुकीचं कापलं गेलं तर मी दुसरं कापड आणून शिवून देते. तुमच्याकडे उसवायची सोयच नाही?"

"नियम तसा नाही."

"बरं. मग हिला विचारलं का नाही, ते सांगा. नाल्यावर तुमची पोरं का उतरली नाहीत?"

साहेबांनी काजंवालीकडे पाहिलं आणि मग टेबलाकडे. "विद्यार्थ्यांना तिथे सुरक्षित वाटलं नाही, असा शेरा आहे."

"सुरक्षित!" काजंवाली पहिल्यांदा बोलली. "साहेब, तुमच्या त्या पोरीची छत्री उडून नाल्यात पडली होती. माझ्या नवऱ्याने कमरेएवढ्या घाणीत उतरून काढून दिली. तोही शेरा आहे का तुमच्याकडे?"

साहेब ओशाळले. माणूस वाईट नव्हता, आणि बाईंना त्याचाच जास्त संताप आला. वाईट माणसाला शिव्या तरी घालता येतात. शेवटी त्याने कोऱ्या नकाशांचा एक गठ्ठा काढून दिला. "भरून आणा. हरकतींबरोबर जोडून घेतो."

तीन आठवडे दोघी नाल्याच्या रांगांमधून फिरल्या. मास्तरीणबाई त्या खोल्यांत यापूर्वी कधी शिरल्या नव्हत्या. घर जेमतेम दोनशे पावलांवर होतं त्यांचं. त्या प्रत्येक दारात जाऊन सांगायच्या, "मी मधल्या गल्लीतली. मागच्या वेळी मी तुम्हाला वगळलं होतं. आता तुम्ही मारा रेघ." काही जणांनी तोंडावर दार लावलं. एका म्हाताऱ्याने नकाशाभर शिव्या लिहून दिल्या आणि बाईंनी तो कागदही गठ्ठ्यात ठेवला. एका बाईने त्यांना दारातच उभं करून पावणेदोन तास ऐकवलं. तिच्या पोरीला एकदा त्यांनी गणवेशाचं माप घेताना हात धुऊन ये म्हणून पिटाळलं होतं, बाकी कोणालाच नाही. बाईंना ते आठवत नव्हतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, ऐकून घेतलं. एकशे चाळीस कागद झाले. बहुतेकांनी रेघ शाळेच्या वरून घेतली होती आणि खाली नाल्यापाशी आणून सोडली होती. काहींनी तर लिफ्टच्या इमारतीही आत घेतल्या होत्या. त्या इमारतींना ते कळलं असतं तर त्यांचा जीव गेला असता.

दुसरी सुनावणी झाली तेव्हा सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. साहेबांनी नवा नकाशा लावला. रेघ खाली सरकली होती. मधल्या गल्लीच्या दोन्ही बाजू आत. टाकी आत. टाकीच्या खालून रेघ गोल वळून परत वर गेली होती. नाला बाहेर.

विषम नंबरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी बाईंच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलात बाई!"

बाई नकाशाकडे बघत राहिल्या. मग साहेबांपाशी गेल्या. "आमच्या एकशे चाळीस कागदांचं काय केलंत?"

"जोडलेत. नोंद आहे. पण तेवढी बाकं नाहीत हो शाळेत, मी कुठून आणू?" त्यांनी आवाज खाली आणला. "तुमचं म्हणणं पटलं म्हणून तर टाकी आत घेतली. आणि रेघ आम्ही मनाने नाही मारली. त्या पहिल्या गठ्ठ्यातलाच एक कागद घेतला, फार नीट काढलेला होता."

बाईंच्या अंगाचा भडका उडाला. त्या वळून सभागृहाकडे ओरडल्या, "टाळ्या कसल्या वाजवताय? बसा खाली! हे मागे उभे आहेत त्यांचं अजून व्हायचंय!" पण खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. महिनाभर त्यांच्यामागे घोषणा देणारे विषम नंबरवाले घरी निघाले होते, कोणाला दुकान उघडायचं होतं, कोणाचा पाहुणा यायचा होता. दहा मिनिटांत पुढच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि मागच्या भिंतीशी उभे होते ते तसेच उभे राहिले.

घरी गेल्यावर त्या म्हणाल्या, "चिमणी त्या शाळेत जाणार नाही."

सूनबाई चिमणीची वेणी घालत होती. तिने वेणी पुरी केली, चिमणीला बाहेर पाठवलं आणि मग बोलली.

"आई, ती जाईल."

"त्या रेघेवरून? माझ्या?"

"रेघ कोणाची का असेना. मी तुमच्याबरोबर दोन्ही सुनावण्यांना आले, पुढे अपील करायचं तरी येईन. पण तुमच्या पापाची फेड माझ्या पोरीने मोठा रस्ता ओलांडून करायची नाही. तुमचा राग तुम्ही तुमच्या अंगावर घ्या."

असं ती सून घरात आल्यापासून कधी बोलली नव्हती. पोरीची आई बरोबर होती.

त्यांनी तो राग मग स्वतःच्याच अंगावर घेतला. दुसऱ्या दिवशी हेडबाईंना जाऊन सांगितलं, यंदापासून गणवेश माझ्याकडे नाहीत. हेडबाई म्हणाल्या, "रागावलात."

"हो."

"बावीस वर्षांचं नातं, बाई. शाळेची यात काय चूक?"

"तुमच्या शाळेचा शर्ट बाहेरच्या बाईच्या हातच्या काजांवर उभा आहे बारा वर्षं. तिची पोर आत चालत नसेल तर काजं तरी कशाला चालावीत?"

चिमणीचा गणवेश त्यांनी शिवला, तो शेवटचा. नंतर शाळेने कारखान्यातून मागवले; मुलांच्या काखेत ते आवळतात, असं कानावर आलं. बाई आणि काजंवाली आता दवाखान्याच्या चादरी आणि डॉक्टरांचे डगले शिवतात. काम कंटाळवाणं आहे. काजंवालीची पोर मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जाते. सकाळी बाई स्वतः नाल्यावर उतरतात आणि तिला व आणखी पाच-सहा पोरांना घेऊन रस्त्यापर्यंत जातात. ट्रकांसमोर हात आडवा करून उभ्या राहतात. ड्रायव्हर शिव्या देतात. बाई त्यांना दुप्पट देतात. त्यांचा स्वतःचा मुलगा ट्रकवर आहे, शिव्यांचा साठा भरपूर. अपील केलंय. तारीख पडते, पुढे जाते. काजंवालीशी त्यांचं बोलणं पूर्वीपेक्षा कमी झालंय आणि पूर्वीपेक्षा सरळ झालंय.

धाकटीशी त्या बोलत नव्हत्या. पावसाळा गेला, थंडी आली, चिमणी आणि धाकटीचा नातू एकाच बाकावर बसू लागले, तरी नाही. एका दुपारी धाकटीच गल्ली ओलांडून आली. ओट्याच्या पायरीवर उभी राहिली.

"जाऊबाई, आता तर तुम्हीही आत आलात. चिमणीलाही प्रवेश मिळाला. मग अजून कसला राग?"

काजंवाली ओट्यावरच बसली होती. तिने मान वर केली नाही, पण तिची सुई थांबली.

मास्तरीणबाईंनी पायडल थांबवलं. "हिला विचार," त्या म्हणाल्या. "हिच्यासमोर विचारलंस ना? हिलाच विचार."

धाकटीने काजंवालीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. तिला बहुधा परत जायचं होतं. मागे तिचं दार उघडंच होतं. ती गेली नाही. अवघडून पायरीवर बसली. डगल्यांच्या नाड्या कापायच्या होत्या. तिने कात्री उचलली आणि विचारलं, "केवढ्या?"

"वीतभर," काजंवाली म्हणाली.

धाकटी नाड्या कापू लागली. मास्तरीणबाईंनी तिला उठ म्हटलं नाही. मशीन मात्र इतक्या जोरात चालवलं की सुई मोडली, आणि त्या दुसरी शोधायला आत गेल्या.